पाहुण्यांना खोटं पाडू नये

दार वाजलं तेव्हा धम्मपाल सर हाफ पँटवर होते आणि त्यांच्या हातात पाण्याचा पाइप होता. मुकुंदवाडीत नळ येतो त्या दिवशी शिक्षक, साहेब, कारकून असा भेद राहत नाही. सगळे हाफ पँटवर येतात. सरांनी पाइप न सोडता दार उघडलं.

दारात टोपीवाले, झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ उभे होते आणि त्यांच्यामागं डोक्यावर पदर घेतलेल्या बाई.

"जय भीम," गृहस्थ म्हणाले. "बाळा, वडील हायत का घरात?"

धम्मपाल सर त्रेपन्न वर्षांचे होते. दिसायचे मात्र तिशीतले. केस काळेभोर, पोट सपाट, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. यात त्यांचं काही कर्तृत्व नव्हतं. व्यायाम ते करत नसत आणि भजी सोडत नसत. शाळेत नवीन पालक यायचे ते त्यांनाच विचारायचे, "गणिताचे मोठे सर कुठं भेटतील?" आणि सर म्हणायचे, "बसा, येतीलच." मग ते आत जाऊन चष्मा लावून परत यायचे.

कारण त्यांच्या आईनं लहानपणी एक वळण लावलं होतं. दारी आलेल्या माणसाला खोटं पाडायचं नाही. पाहुणा म्हणाला भाजीत मीठ जास्त झालं, तर झालं. म्हणाला आज मंगळवार, तर मंगळवार.

"वडील नाहीत घरात," सर म्हणाले. हे तसं खोटं नव्हतं. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मग तू प्रणय व्हय? रूपाचा भाऊ?"

आता सरांच्या लक्षात आलं. हे कडुबा, गंगापूरकडचे. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर वधू-वर मेळाव्याला गेलेल्या रूपाला यांचा सुदर्शन आवडला होता. सत्तावीस वर्षांत रूपाला कुणी आवडल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळं घरात सगळे जपून चालत होते. आणि मुलीचे होणारे सासरे स्वतःहून दारात आले असताना, पहिल्याच वाक्याला त्यांना खोटं पाडायचं?

"हो," सर म्हणाले. "या ना, बसा."

एवढ्यात सुलेखाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्या पन्नाशीच्या. केस सगळे पांढरे झालेले, आणि रंगवायचा कंटाळा येऊन त्यांनी तो नाद दोन वर्षांपूर्वीच सोडलेला. कडुबांच्या कारभारीण दगडाबाई त्यांच्याकडं बघून मायेनं हसल्या.

"ही तुझी आय व्हय रं?"

सरांनी बायकोकडं पाहिलं. पाहुण्यांकडं पाहिलं. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"हो," सर म्हणाले.

सुलेखाबाई तांब्या ठेवून आत गेल्या. आत कपबशा नेहमीपेक्षा जरा जोरात वाजल्या.

पाहुणे चहा घेऊन, "रविवारी समदे येतो, वडलांना थांबवून ठेव" असं बजावून गेले, तेव्हा सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले.

"सुलेखा, मी काय म्हणतो..."

"बोल बाळा."

पुढचे तीन दिवस त्या घरात एवढंच संभाषण झालं. "बाळा, जेवायला चल." "बाळा, गॅस संपलाय."

त्या पहिल्याच संध्याकाळी रूपा बँकेतून आली आणि तिला सगळं कळलं तेव्हा ती खुर्चीत बसूनच राहिली.

"पप्पा, तुम्ही प्रणय झालात?"

"झालो नाही. त्यांनी केलं."

"आत्ताच्या आत्ता फोन करा आणि खरं सांगा."

सरांनी फोन उचलला, आणि तेवढ्यात तोच वाजला. कडुबा बोलत होते.

"जय भीम सर. काय पोरगं घडवलंय तुमी. सुट्टीच्या दिवशी आयला पाणी भरू देत नाय, सोता भरतंय. आन् तोंडावर कसं, लबाडीचा ठिपका नाय. म्या घरवालीला म्हनलं, हे पोरगं उभ्या जन्मात खोटं बोललं नसंल."

सरांना घाम फुटला.

"तर आमचं असं ठरलंय. तुमची रूपा आमच्या सुदर्शनला, आन् आमची सोनिया तुमच्या प्रणयला. साटंलोटं करून टाकू. एकाच मांडवात दोनी बार. पोरगी बीएस्सी हाय, सैपाकाला हुशार हाय. रविवारी तिला बी आनतो. पोराला घरीच ठिवा."

फोन ठेवून सर जमिनीकडं बघत राहिले.

"काय म्हणाले?" सुलेखाबाईंनी आतून विचारलं. राग त्यांनी फोनपुरता बाजूला ठेवला.

"मला स्थळ आलंय."

सुलेखाबाई हात पुसत बाहेर आल्या. "शिकलेली आहे का?"

"बीएस्सी."

"घ्या करून. मला पण सून आली तर हातभार लागेल."

आता खरा प्रणय. तो सव्वीस वर्षांचा, पुण्याला संगणकाच्या कंपनीत. पण निसर्गानं बापाकडं विसरलेली सगळी वसुली मुलाकडून करून घेतली होती. विसाव्या वर्षी कपाळ मागं सरकायला लागलं ते आता मानेपर्यंत पोचलं होतं. जाड चष्मा, सुटलेलं पोट. बसमध्ये कॉलेजची पोरं त्याला उठून जागा द्यायची. त्याला सोनियासमोर बसवलं तर कडुबा विचारणार, परवाचा तो कोण होता?

सरांनी गणितातला माणूस विचार करील तसा विचार केला. प्रणयला सुट्टी मिळाली नाही असं सांगायचं, म्हणजे मुलाचा प्रश्न मिटला. उरला बाप. तो परवाच्या पोरासारखा दिसता कामा नये. म्हणजे म्हातारं व्हायला हवं, आणि तेही रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी ते शहागंजमध्ये नसीरभाईंच्या दुकानात जाऊन बसले.

"क्या करना सर? कटिंग?"

"केस पांढरे करायचेत."

नसीरभाईंनी कात्री खाली ठेवली. "तीस साल हो गए दुकान कू. लोगां यहाँ जवान होने कू आते. तुमे बुड्ढे होने कू आए?"

"मुलीच्या लग्नाचं काम आहे."

"वो तो अपने आप हो जाते सर, लड़की की शादी में. दो महीने ठहरो."

पण सरांकडं दोन महिने नव्हते. शेवटी नसीरभाईंनी नाटकवाल्यांसाठी ठेवलेला सफेदा काढला, त्यात पावडर कालवली आणि केसांवर, भुवयांवर, मिशीवर हात चालवला. आरशात सत्तरीचा एक निवृत्त माणूस दिसायला लागला. सरांना तो ओळखीचा वाटला. वडिलांसारखा.

"एकीच बात," नसीरभाई म्हणाले. "पसीना आने नक्को देना."

एप्रिल महिना होता.

सर रिक्षातून उतरून मागच्या दारानं घरात शिरले त्याच वेळी पुढच्या दारात घोटाळा सुरू झाला होता. बहिणीच्या बैठकीला आपण नको का, म्हणून प्रणय कुणाला न सांगता मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून चालत घरी आला होता. तो फाटक उघडायला आणि कडुबांची जीप थांबायला एकच गाठ पडली.

कडुबांनी त्याचं टक्कल पाहिलं, पोट पाहिलं आणि टोपी सारखी करून दोन्ही हात जोडले.

"जय भीम सर. लई बरं वाटलं. आज गाठ पडली एकदाची. पोरगं नाय दिसत कुठं?"

प्रणय गोंधळला. पण वळण त्यालाही तेच होतं, त्याच आजीनं लावलेलं.

"या," तो म्हणाला. "बसा ना."

सगळे बसले. कडुबा, दगडाबाई, सुदर्शन, सोनिया, आणि मधोमध खुर्चीवर कडुबांच्या आई, चंपाबाई. वय ऐंशीच्या पुढं, पण नजर अशी की सुईत दोरा ओवायला अजून सुना त्यांच्याकडं यायच्या. रूपानं आतून भावाला बाहेर बसलेलं पाहिलं आणि पोह्यांची बशी तशीच हातात धरून ती उभी राहिली. तेवढ्यात आतल्या दारातून पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या मिशीचे सर हळूहळू, जरा वाकून बाहेर आले. वाकण्याची कल्पना त्यांची स्वतःची होती.

कडुबा प्रणयकडं झुकले. "हे तुमचे वडील का?"

प्रणयनं त्या म्हाताऱ्याकडं नीट पाहिलं. नाक ओळखीचं होतं.

"हो," तो म्हणाला.

आठवडाभरात त्या घरात पाहुण्यांशी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. त्यानंच सगळं बिघडलं. कडुबा उठून सरांच्या पाया पडले. सुदर्शन पडला. "आजोबांनी तब्येत चांगली राखली," दगडाबाई म्हणाल्या. सुलेखाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना पाहून दगडाबाई चिंतेत पडल्या. बाई प्रणयची आई, म्हणजे या टकल्या सरांची बायको, म्हणजे या आजोबांची सून. एका आठवड्यात सुलेखाबाई आपल्याच नवऱ्याची आई होऊन आता त्याची सून झाल्या होत्या.

आणि लाइट गेली.

पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला. खोलीत आठ माणसं. पहिला ओघळ सरांच्या कपाळावरून निघाला, पांढरा, आणि डाव्या भुवईवर थांबला. दुसरा कानामागून मानेत उतरला. सर हलले नाहीत. तिसरा सरळ डोळ्यात गेला.

सफेदा डोळ्यात जाणं ही भयंकर गोष्ट आहे. सर डोळा मिटून, ओठ दाबून बसले. त्यांना वाटलं कुणाला दिसत नसेल.

सुलेखाबाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. बाळा नाही, काही नाही. जवळ जाऊन त्यांनी डाव्या हातानं सरांची हनुवटी धरली, पदराचं टोक तोंडानं ओलं केलं आणि डोळा पुसला. मग कपाळ पुसलं. "चोळू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "किती आग होतीय? इकडं बघा."

चंपाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

"कडुबा, हे सासरा-सून नव्हं."

"आय, गप."

"म्या कशाला गप? सून सासऱ्याचं तोंड असं पुसत नाय. आय पोराचं बी असं नाय पुसत, ती खसाखसा पुसती. हे बायकूचं पुसनं हाय."

सगळे बघत राहिले. पदराखालून काळेभोर केस बाहेर येत होते, आणि केसांखालून परवाचा, पाइपवाला पोरगा.

कडुबा सावकाश उठले. "हे काय चाललंय, सर? का प्रणय? काय म्हनू तुमाला?"

"मी धम्मपाल," सर म्हणाले. "रूपाचा बाप. तो प्रणय." प्रणयनं बसल्या जागी मान हलवली. "परवा तुम्ही बाळा म्हणालात. तुम्हाला खोटं पाडायला जीभ रेटली नाही. चूक माझी आहे, मुलीची नाही. तिनं फोन करायला सांगितला होता, माझीच हिंमत झाली नाही. तिला तेवढं यातून वगळा."

रूपा बशी घेऊन आतल्या दारातच उभी होती. सुदर्शन तिच्याकडं बघत होता.

"आणि अजून एक राहिलंय," सर म्हणाले. एक डोळा अजून लाल होता. "परवा वहिनींनी विचारलं, ही तुझी आई का. मी हो म्हणालो. बाकी सगळं पचलं, तेवढं नाही पचलं. ही माझी बायको. हिचे केस का पांढरे झाले आणि माझे का नाही, हे लोक मला विचारतात आणि मी हसतो. माझ्या आईचं आजारपण हिनं काढलं. पोरांच्या परीक्षा, घराचे हप्ते, सगळ्याची झोप हिची गेली. माझ्या वाट्याच्या काळज्या पण हिनंच केल्या. मग माझे पांढरे कशानं होणार?"

सुलेखाबाई पदराचं पांढरं झालेलं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"फसवलं तर हायच," कडुबा शेवटी म्हणाले.

"फसवलं म्हनं," चंपाबाई म्हणाल्या. "कडुबा, तुझा बाप बी असाच होता. गुलमंडीला लुगडं घ्याया गेलो, तर दुकानदार त्यालाच म्हनला, आयला चांगलं दाखवतो. घरापतुर म्या बोलले नाय. दुसऱ्या दिशी त्यानं हजामाकडं जाऊन डुई भादरली. लई वंगाळ दिसत हुता." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तवापासून म्या त्याच्याशी कदी भांडले नाय. पोरीला पोहे घेऊन बाहेर बोलवा. गार झाले असतीन."

रूपा पोहे घेऊन आली आणि ती पहिली बशी कुणाला देणार हे तिला आणि सुदर्शनला सोडून सगळ्यांना कळलं.

राहता राहिलं साटंलोटं. दगडाबाई प्रणयच्या टकलाकडं बघत होत्या. त्यांनी पाहिलेला मुलगा आणि मिळणारा मुलगा यांत बरंच अंतर होतं. "त्ये राहू द्या," त्या म्हणाल्या, "एकाच बाराचं बघू." तेव्हा सोनिया आजीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल की," चंपाबाई म्हणाल्या.

"मी म्हणते, आधी बोलून तर बघू द्या," सोनिया म्हणाली. तिनं प्रणयकडं पाहिलं, मग सुलेखाबाईंच्या केसांकडं. "ह्यांच्याशेजारी मला जन्मात कुणी ह्यांची आई म्हणणार नाही."

प्रणयच्या टकलाचा कुणाला उपयोग होईल असं त्याला स्वतःला कधी वाटलं नव्हतं. तो लाजला. टक्कलही लाजलं.

रूपाचं लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. यावेळी हॉल बघण्यापासून आचाऱ्याशी घासाघीस करण्यापर्यंत सगळं सरांनी अंगावर घेतलं. सुलेखाबाई दुपारच्या झोपू लागल्या. सर रात्री उठून बसू लागले.

आणि एका नळाच्या दिवशी दार वाजलं. सर हाफ पँटवर, हातात पाइप. दारात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक टायवाला तरुण.

"दादा, मम्मी आहेत का घरात?"

सरांनी पाइप खाली ठेवला.

"मम्मी नाही," ते म्हणाले. "बायको आहे. बोलवू?"

तरुण तीनदा सॉरी म्हणाला आणि यंत्र न दाखवताच गेला. सुलेखाबाई आतून आल्या. त्यांनी सरांच्या तोंडावर उडालेलं पाणी पदरानं पुसलं. मग कानाच्या वर काहीतरी पांढरं दिसलं म्हणून तेही पुसलं. निघालं नाही. पदर ओला करून पुन्हा पुसलं.

"नसीरभाईचा सफेदा राहिला असेल," सर म्हणाले.

सुलेखाबाई वाकून जवळून बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "हा घरचा आहे." आणि तो एक केस त्यांनी हलक्या हातानं कानामागं नीट बसवला.