अढीतले चेंडू

रज्जाकभाईंच्या गाड्यावरचं फळ विकत घेता येतं, त्याला हात लावता येत नाही. गेवराईत नव्यानं बदलून आलेल्या माणसाला हे कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं, पण कुणी सांगत नाही. गंमत बघायला सगळ्यांनाच आवडतं. एक नवे फौजदार असेच मोसंबी दाबून बघायला गेले आणि रज्जाकभाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. फौजदारांनी आधी आपल्या हाताकडं पाहिलं, मग रज्जाकभाईंकडं.

"सायेब, तुमी दाबून जाताल, तुमच्या मागचा दाबल, त्याच्या मागचा दाबल. मोसंबी हाय का दारावरची घंटी?"

फौजदार हसले म्हणून निभावलं. पुढं तेच त्यांचं रोजचं गिऱ्हाईक झाले, हात मागं बांधून उभे राहायचे.

जिथं अंगठा लागतो तिथून फळ सडतं, हा रज्जाकभाईंचा सिद्धांत. फळापुरता असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तो त्यांनी माणसांनाही लावला होता. माझ्या मुलाला दहावीला बरे मार्क पडले, मी पेढे घेऊन गेलो, तर म्हणाले, "सर, तारीफ करू नका लेकराची. तारीफ म्हंजे अंगठाच. पाडाला येऊ द्या." पेढा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

मी त्यांचा शेजारी. शाळेत भूगोल शिकवतो आणि घरी शांतता शोधतो. आमची भिंत एक. लेक शबाना सातवीत असताना रज्जाकभाईंची बायको वारली, तेव्हापासून पलीकडं बाप आणि लेक एवढी दोनच माणसं. पण आवाज एकत्र कुटुंबाचा. चहात साखर इतकी कावून, टेम्पोची किल्ली फ्रीजमध्ये कुणी ठेवली, असल्या कारणांवरून दोघं दखनीत असे काही भांडायचे की मला वर्तमानपत्राची एक ओळ धड वाचता यायची नाही. मी वैतागून भिंतीवर थाप मारायचो. मग दोघं भांडण थांबवून मला हसायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे.

तर ही शबाना बेसबॉल खेळते. हो, बेसबॉलच. खेळाच्या शिक्षिका गाडेकर मॅडम गावात आल्या आणि त्यांनी पोरींना हा खेळ लावला. पहिलं वर्षभर गावाची समजूत होती की हे बिघडलेलं क्रिकेट आहे. शबाना चेंडू टाकते, म्हणजे पिचर. समोरच्या पोरीचे तीन फटके चुकले, किंवा तीन चांगले चेंडू तिनं नुसते सोडून दिले, की ती बाद. पण पिचरनं चार चेंडू भलतीकडं टाकले तर समोरची पोरगी बॅट न हलवता आरामात पहिल्या बेसवर जाऊन उभी राहते. रज्जाकभाई बेसला 'ठेसन' म्हणतात. "तिसऱ्या ठेसनावर थांबली हाय, सिग्नल पडंना," असं त्यांचं समालोचन चालतं. नियम त्यांना आजही येत नाहीत, पण प्रत्येक सामन्याला टेम्पो त्यांचाच. क्रेटवर पोरी, पोरींच्या मांडीवर बॅटा. मी मॅनेजर, कारण कागदोपत्री एक पुरुष शिक्षक लागत होता आणि मी त्या दिवशी रजेवर नव्हतो.

लेकीचं कुणी कौतुक केलं की हे लगेच खोडून काढणार. एकदा कुणी वार्ताहर विचारायला आला, मुलगी कशी खेळते? म्हणाले, "बरी हाय. खांदा आजून कच्चा हाय." वार्ताहर दोन केळी खाऊन गेला, बातमी आली नाही.

मागच्या वर्षी घात झाला. शेवटचा सामना, शेवटचा डाव, बरोबरी, तिन्ही बेसवर समोरच्या संघाच्या पोरी उभ्या, आणि शबानानं लागोपाठ चार चेंडू भलतीकडं टाकले. समोरची पोरगी पहिल्या बेसवर चालत गेली, तिच्या रेट्यानं सगळ्या एकेक बेस पुढं सरकल्या आणि तिसऱ्या बेसवरची घरी, म्हणजे होम प्लेटवर पोचली, की झाली त्यांची धाव. आम्ही हरलो, तेही कुणी फटका न मारता. परतताना टेम्पोत रज्जाकभाई चकार शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हिशोबानं ही मायाच होती. मार लागलेल्या फळाला आणखी बोट कावून लावायचं?

त्यानंतर शबानानं खेळ सोडला नाही, पण मॅडमनी तिला बाकावर बसवलं आणि वैष्णवीला पिचर केलं. आणि आमची भिंत मुकी झाली. मला हवी होती ती शांतता मिळाली होती, पण खरं सांगतो, ती मला सोसेना. पलीकडून फक्त भांड्यांचा आवाज यायचा आणि मधूनच शबानाचं "जी अब्बा". भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळतं की ज्वालामुखी गप्प बसला म्हणजे थंड झाला असं नाही.

या वर्षी आम्ही पुन्हा वर आलो. गाठ पडली दिंद्रुडच्या पोरींशी. तीन सामने, त्यातले दोन जिंकेल तो संघ जिल्ह्याकडून पुढं जाणार. पहिला सामना गेवराईत, त्यामुळं चेंडू आमचे. मे महिना, शाळेला कुलूप, म्हणून सामानाची पिशवी रज्जाकभाईंच्या आंब्याच्या गोदामात ठेवली होती. इथंच सगळं चुकलं.

पहिल्या डावात वैष्णवीनं चेंडू हातात घेतला आणि तो हातातून सुटेचना. सुटला तो थेट पंचांच्या छातीवर. दुसरा समोरच्या पोरीपर्यंतसुद्धा गेला नाही. दिंद्रुडच्या पोरी एकामागून एक घरी जात होत्या, पाहुण्यांसारख्या. शेवटी पंचांनी चेंडू मागून घेतला, हातात फिरवला, नाकाला लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "याला केशर आंब्याचा वास कसा काय?"

सगळं मैदान रज्जाकभाईंकडं वळून पाहायला लागलं. आणि ते माझ्याकडं पाहत होते, जणू मी काही मदत करू शकणार होतो.

झालं होतं असं. रज्जाकभाई आंबा पावडर लावून पिकवत नाहीत. गवताच्या थरात आंबे मांडतात, वर गवत, वर पोतं. याला अढी म्हणतात आणि ही अढी म्हणजे त्यांचा अभिमान. आठ दिवस तिला कुणी उघडायचं नाही. तर या गृहस्थांनी संघाचे सगळे नवे चेंडू आंब्यांबरोबर अढीत घातले होते! गोदामातल्या उबेनं कातडं मऊ पडेल, अशी कल्पना. कातडं मऊ पडलंही असेल, पण कच्च्या आंब्याचा चीक त्याच्यात असा काही मुरला होता की चेंडू बोटांना सोडायला तयार नव्हता. मग उरलेला सामना पाहुण्यांच्या चेंडूंनी झाला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्ही वाईट हरलो.

पोरींनी रज्जाकभाईंना जे झापलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडेकर मॅडम तर म्हणाल्या, "चाचा, उद्या मलापन घाला अढीत!" रज्जाकभाई मान खाली घालून ऐकत होते. सगळ्यात शेवटी शबाना आली. आता ही वाघीण काय करते म्हणून आम्ही एक पाऊल मागं सरकलो. ती हळूच म्हणाली, "जाने दो अब्बा. होता है."

संध्याकाळी रज्जाकभाई माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी विचारलं, "कावून केलं हो असं?"

"पोरगी मॅडमला सांगत व्हती, नवा बॉल लई कडक असतो, हाताला बसत न्हाई. मी आइकलं. म्हनलं, मऊ करून ठिवू. तिला चान्स दिला तर हात बसल तिचा. सर, त्या बाकीच्या समद्या पोरी मला बोलल्या. त्याचं कायी न्हाई. पन माझी पोरगी बोलली न्हाई. एवढं वाटोळं केलं मी, तरी 'जाने दो'. साल झालं, घरात पाव्हनी ऱ्हायल्यावानी ऱ्हाती. भाजीत मीठ जास्त पडलं तरी खाती. आमचं घर भांडनावर चालतं वो सर. ती भांडंना गेली तर मी बोलू कुनासंगं?"

मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा सांगितला.

दुसरा सामना दिंद्रुडला होता आणि तो वैष्णवीनं एकटीनं ओढून आणला. त्या दिवशी रज्जाकभाईंना चेंडूंच्या दहा हात जवळ येऊ दिलं नव्हतं. आता उरला तिसरा. तो पालीला, बिंदुसरा धरणाजवळच्या मैदानावर. तिथं आम्हाला अर्धा डझन प्रेक्षक मिळाले. त्यातले निम्मे शेळ्या चारायला आलेले होते आणि बाकीचे विचारत होते की ओव्हर किती झाल्या.

निम्मा सामना झाला तेव्हा आम्ही एका धावेनं पुढं होतो आणि वैष्णवी थकली. आदल्या सामन्याचा हात होता तो, उचलेना. दिंद्रुडच्या पोरी तिन्ही बेसवर, अजून एकही बाद नाही. म्हणजे मागच्या वर्षीसारखंच, किंबहुना त्याहून वाईट. गाडेकर मॅडमनी बाकाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "शबाना, जा."

रज्जाकभाई मोसंबीचा क्रेट घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला, चपला चढवल्या आणि मैदानाकडं पाठ करून धरणाच्या बांधाकडं चालायला लागले. मी हाक मारली. त्यांनी नुसता हात हलवला.

मी उभा राहिलो. शबानानं पहिला चेंडू टाकला, तो भलतीकडं. दुसराही. माझ्या शेजारचा शेळीवाला म्हणाला, "वाइड दिला का न्हाई?" मी त्याला गप्प बसवलं. शबाना थांबली, ओढणीसारखी कमरेला बांधलेली टॉवेलची पट्टी सोडून तिनं हात पुसले, पुन्हा बांधली. तिसरा चेंडू गेला तो इतक्या जोरात की समोरच्या पोरीची बॅट फिरली तेव्हा चेंडू मागं पोचून बसला होता. मग आणखी एक, आणि आणखी एक. पहिली बाद. दुसरी आली, तिनं तीन वेळा हवा मारली. तिसरी हुशार होती, फटका मारायच्या भरीला न पडता चार वाईट चेंडूंची वाट बघत उभी राहिली. तिला वाईट चेंडू मिळालाच नाही. ती बॅट खांद्यावर ठेवून तशीच बाद झाली. तिघी बाद, म्हणजे त्यांचा डाव संपला.

मी पंचांना मिठी मारली. हे मॅनेजरनं करायचं नसतं, असं नंतर मला सांगण्यात आलं.

आणि ती तिथं थांबली नाही. उरलेल्या डावांत दिंद्रुडची एकही पोरगी घरी गेली नाही. शेवटची बाद झाली तेव्हा शेळीवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या, कुणी जिंकलं हे विचारून घेऊन. आमच्या पोरींनी शबानाला उचललं. ती वरून इकडं तिकडं बघत होती. क्रेट होता, क्रेटवाला नव्हता.

मी बांधाकडं पळालो. रज्जाकभाई पाण्याकडं तोंड करून, दोन्ही कान हातांनी दाबून बसले होते. मी त्यांचा हात काढून ओरडलो, "जिंकलो! पोरीनं जिंकून दिलं हो!"

"त्ये असू द्या," ते म्हणाले. "पोरगी हसली का?"

"तुमीच बघा की चला."

टेम्पोपाशी पोचलो तर शबाना दार धरून उभी होती. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं.

"कां गए थे तुमे?" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की मागं क्रेटवर बसलेल्या पोरींचं गाणं बंद पडलं. "मैं इत्ता ढूंडी तुमकू! सब के अब्बा यांच खड़े थे!"

ती मागं पोरींत बसायला गेलीच नाही. पुढं येऊन बसली. मधे मी, एका बाजूला बाप, एका बाजूला लेक. पाली मागं पडलं, बीड मागं पडलं, मोठा रस्ता लागला, तरी तिचं चालूच. टेम्पोत गाणी कुठल्या जमान्यातली लावता, दाढीला ती मेंदी कसली लावता, आंब्यात बॉल कुणी ठेवतं का. आणि मग एकदम तिचा आवाज फुटला.

"पिछले साल भी कुछ नै बोले तुमे. एक लफ्ज नै. मैं समझी, मेरी शरम आई तुमकू."

रज्जाकभाईंनी समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "पागल है क्या तू? मेरेकू बोलनाच नै आया." आणि डोळे बाहीला पुसले.

यावर ती गप्प होईल असं मला वाटलं. छे! बोलता येत नाही म्हणजे काय, गिऱ्हाइकांशी दिवसभर काय मुक्यानं बोलता का, इथून तिनं नव्यानं सुरुवात केली. ती बोलत होती आणि रडत होती आणि मधेच हसतही होती. माझा एक कान पार बधिर झाला. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

एवढ्यात लक्षात आलं की मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून चालल्या आहेत. एक ट्रॅक्टरसुद्धा पुढं गेला. फळाचा माल घेऊन रोज सुसाट जाणारा हा माणूस बैलगाडीच्या चालीनं टेम्पो हाकत होता.

मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "रज्जाकभाई, गाडीत काही बिघाड आहे का? इतकं हळू कावून?"

"बिघाड कशाचा वो सर," ते तितक्याच हळू म्हणाले. "गेवराई आली म्हंजे उतरून जाईल ती. आन् आजून लई बोलायचं ऱ्हायलंय तिचं."