सर्जेरावांची स्थळं

त्या रविवारी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, नवी चप्पल पायांत चढवली, अर्धा किलो पेढे घेतले आणि आमच्यासारखंच भाड्यानं, आमच्या वरच्या माडीवर राहणाऱ्या सर्जेरावांच्या स्कूटरवर मागं बसलो. आदल्या दिवशी ते जिन्यातून ओरडले होते, "पावणं, उद्या एक स्थळ बघाय जायचं हाय. चार माणसांत बसणारा माणूस पायजे. चला!" आमची ही मुरगूडची. सर्जेरावांचं आजोळही मुरगूडचंच. तेवढ्यावर मी त्यांचा पावणा. त्यांचा एक पुतण्या लग्नाचा आहे, हे मला ठाऊक होतं. बाकी सगळं मी मनानंच जुळवलं.

स्कूटर रिंग रोडला लागली, डावीकडं वळली आणि उसाच्या कडेला थांबली. समोर मोकळं रान, चुन्याच्या रेघा, चार खुंट्या आणि बबलू नावाचा एजंट. घर कुठं दिसेना. पेढ्यांचा पुडा सावरत मी हळूच विचारलं, "मुलगी कुठाय?"

"ही काय!" सर्जेरावांनी हात पसरला. "झोपलीया की समोर."

बबलू हसून हसून खुंटीवर बसला आणि लागल्यावर उठला. पेढे त्यानंच संपवले.

तेव्हा मला कळलं, की सर्जेरावांच्या भाषेत प्लॉटला प्लॉट म्हणत नाहीत. प्लॉट म्हणजे स्थळ. सातबारा म्हणजे पत्रिका. सातबाऱ्यावर वारसांची नावं जास्त असली, की "दीर-नणंदा लई हायत, सुखानं नांदू द्याची न्हाईत." वरून विजेची मोठी तार गेली असली, की "सासू कडक हाय." शेजारी नाला असला, तर "पावसाळ्यात कायम सर्दी." आणि आधीचा व्यवहार फिसकटलेला असला, तर आवाज खाली आणून, "एकदा मोडलीया म्हणं. का मोडली, त्ये बघाय पायजे."

चौकशी तर अशी, की मुलीच्या बापानंही करू नये. जागेच्या शेजाऱ्याकडं पाणी मागायचं आणि पाणी पिता पिता त्याला बोलतं करायचं. पाऊस पडला की तिथं पाणी साचतं का, हे बघायला मुद्दाम भिजत जायचं. चप्पल काढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालायचं. मी एकदा विचारलं, "ह्यानं काय कळतं?" तर म्हणाले, "कळत काय न्हाय. पण तिला तर कळंल, माणूस सरळ हाय म्हणून."

त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा हिच्याजवळ सुस्कारा सोडला, "मला बघाय आलते तवा चहा निवायच्या आत व्हय म्हणाले. आणि ह्या मातीला दोन वर्सं बघाय लागल्यात!"

पण त्या बघण्यामागं कारण होतं. उद्यमनगरात सर्जेरावांचा लेथचा कारखाना होता. इंजिनाचे भाग बनवायचे. कामं बंद झाली, कर्ज राहिलं. आधी मशिनं गेली, मग गल्लीतलं स्वतःचं घर गेलं. दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली. संध्याकाळी बबलूबरोबर गिऱ्हाइकांना जागा दाखवत हिंडू लागले. कोडोलीला दोघांनी निम्म्यात घेतलेला एक तुकडा बऱ्यापैकी विकला गेला आणि सर्जेरावांच्या हातात पुन्हा काहीतरी आलं. तेवढंच. "लोखंड गंजतं, पावणं. जमीन गंजत न्हाय," ते म्हणायचे. आणि लगेच पुढं, "पण एकदाच घेता येणार हाय. दुसऱ्यांदा बुडायचं वय ऱ्हायलं न्हाय माझं."

हिशेब ठरलेला होता. राहायला जागा घ्यायचीच नाही. वाढणारी घ्यायची, दोन वर्षांनी विकायची, मोठी घ्यायची, तीही विकायची. "घराचा इचार मागनं. आधी बाजारात पाय रवायचा," हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की ऑफिसात मीही तसंच बोलू लागलो होतो. माझ्या नावावर एक कुंडीसुद्धा नाही.

शेवटी पेढेवालं स्थळच पसंत पडलं. दीर नाहीत, नणंदा नाहीत, सासू नाही. इसाराची आगाऊ रक्कम द्यायचा दिवस ठरला. साक्षीदार मी. ह्या खेपेला पेढे आणले नाहीत.

आम्ही तिघं निघालो, तर सर्जेरावांनी स्कूटर भलतीकडंच वळवली. त्यांच्या जुन्या गल्लीच्या टोकाला एक पडकं शेड होतं, तिकोनी जागेतलं. तिथं थांबले. चप्पलसुद्धा काढली नाही.

"बबल्या, हिचा मालक कोण हाय, त्येला बोलव. इसार हितं द्यायचा."

बबलूला घामच फुटला. "मामा, येड लागलं काय? तिकोनी हाय! गाडी वळत न्हाय! दहा वर्सं ठेवली तरी दोन पैसं सुटायचं न्हाईत. इकताना कोण घेणार?"

"इकायची कुणाला हाय? ही द्यायची न्हाय. ही आपल्यातच ऱ्हाणार."

बबलू कपाळाला हात लावून मालकाला फोन करायला गेला. मी म्हटलं, "सर्जेराव, असं अचानक?"

ते शेडकडं बघत बोलले. "काल पोरगी आलती सासरास्नं, चंदगडास्नं. काजू घिऊन. सांच्याच्या गाडीनं गेली परत. म्हटलं, ऱ्हा की चार दिस. तर म्हणाली, 'बाबा, दोन खोल्यात पोरांस्नी घिऊन निजू कुठं?' हसत म्हणाली, पावणं. रडत म्हणाली असती, तर समजूत घातली असती." मग म्हणाले, "ह्या गल्लीत तिला अजून सगळी शुभे म्हणून हाक मारत्यात."

तेवढ्यात समोरच्या दारातून एक म्हातारी ओरडली, "सर्जा, आलास व्हय रं? च्या पिऊन जा!" आणि सर्जेराव घाईघाईनं नाक पुसत तिकडं गेले.

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ही मेथी निवडत होती. मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "माणूस भला आहे, पण व्यवहार चुकला. रिंग रोडची जागा बघता बघता दुप्पट झाली असती. इतकं बघून शेवटी हे! मला काही कळलंच नाही."

"तुम्हाला कसं कळणार?" ही मान वर न करता म्हणाली. "तुम्हाला माहेर नसतं."

मग काड्या कागदात गुंडाळत उठली. "उद्या सकाळी मला मुरगूडच्या एसटीत बसवून द्या. चार दिवस यायची न्हाई मी."