डबीतल्या ढोलाची पूजा

संगणक कळत नाही म्हणणारा माणूस माझ्यापुढे आणून बसवा, चहा निवायच्या आत त्याला शहाणा करून सोडतो! कोरेगावात जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलंय. ज्याने हातचा एक समजावलाय, त्याला मेमरी अन् डिस्कची काय मातब्बरी?

झालं असं, की माझी नात अपूर्वा लॅपटॉपवर संगीत करते. खऱ्या वाद्याचा एकेक आवाज टिपून आणायचा, डिस्कमध्ये भरायचा आणि पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचा. आमच्या बालनाट्यासाठी तिने कवठे महांकाळच्या हरणाबाईंच्या मालकांचा ढोल टिपून आणला होता. धनगरांच्या गजीनृत्यात दुमदुमणारा तो अख्खा ढोल काडेपेटीएवढ्या डिस्कमध्ये मावला! हरणाबाईंचा मात्र विश्वास बसेना, म्हणून त्या स्वतः नाटकाला येणार होत्या.

नाटकाची स्पर्धा सांगलीला होती. तिथल्या नाट्यसंस्थेचे दिग्विजयसर पुढच्या नाटकासाठी संगीतकार शोधत होते आणि त्या दिवशी ते अपूर्वाचं काम ऐकणार होते. जमलं तर काम मिळणार. नाही जमलं तर ती सोमवारी बंगळुरूच्या कुठल्याशा ऑफिसात रुजू होणार. घर सुनं होणार, या विचाराने सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

त्यात सकाळच्या तालमीत लॅपटॉप अडखळू लागला. उसाची ट्रॉली चढावर धापा टाकते तसा!

"आबा, मेमरी भरलीये," अपूर्वा म्हणाली. मग तिने काहीतरी खटपट केली आणि लॅपटॉप सुरळीत चालू लागला. काय केलं, तेही तिने मला सांगितलं. पण मी ऐकलं ते अर्धंच, कारण उरलेल्या अर्ध्या डोक्यात पोरांना हे कसं शिकवायचं याची जुळवाजुळव चालू झाली होती.

"हे बघा बाळांनो," मी विंगेत वर्ग भरवला, "मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. डिस्क म्हणजे फडताळ. लागेल ते फडताळातून ओट्यावर काढायचं आणि कामाला लागायचं!"

"मग फडताळाला कुलूप लावलं तरी चालतं?" लांडगा झालेल्या मुकुलने शेपटी सावरत विचारलं.

"शाब्बास! आता फडताळाशी काय काम?"

तेवढ्यात अपूर्वा सभागृहातल्या स्पीकरची वायर बघायला निघाली. "आबा, इथंच बसा. कशाला हात लावू नका!"

"अगं, मीच सगळ्यांना शिकवतोय!"

ती गेली आणि हरणाबाई आल्या. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती.

"गुर्जी, ढोल कुठं हाय?"

मी बोटाने डिस्क दाखवली.

"ह्या डबीत? बरं, काढा भाईर. पाटावर ठिवा."

"अहो, लॅपटॉपलाच ओवाळा की."

"त्येला कशाला? ढोल डबीत हाय म्हंता न्हवं? पूजा केल्याबिगर आमच्या मालकांनी थाप मारली न्हाई कवा. आन् तुमी तसाच वाजिवणार व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय सगळं ओट्यावर काढलेलं होतंच! मी डिस्क उपटली. लॅपटॉपने पडद्यावर काहीतरी इंग्रजीत विचारलं, मी 'ओके' दाबलं. नम्रपणे विचारणाऱ्याला 'ओके' म्हणायला आपलं काय जातं?

हरणाबाईंनी मनापासून पूजा केली. हळद, कुंकू, वर नारळाच्या पाण्याचा शिडकावा. डिस्क नव्या नवरीसारखी दिसू लागली. मी वायर परत लावायला गेलो तर आत जाईना! भोकात कुंकवाचा चिखल झालेला. आणि तिसरी घंटा झाली!

खबरदारी म्हणून मी एक पट्टी दाबून बघितली. लाकडी टाळीचा आवाज, टक्! चोख वाजला. मी निर्धास्त झालो. अपूर्वा धावत आली आणि पडदा वर गेला.

लांडग्याचा प्रवेश. ढोल दुमदुमायचा आणि मेंढरांनी पळत सुटायचं, असं ठरलेलं. अपूर्वाने पट्टी दाबली.

"ढ."

बस्स. तिने पुन्हा दाबली. "ढ." सनई दाबली, "प." बासरी तर नुसतीच शिंकली!

लांडगा मधोमध उभा. मेंढरं त्याच्याकडे बघतायत, तो मेंढरांकडे. शेवटी मेंढरू झालेल्या पल्लवीने हळूच विचारलं, "तू जेवलास का रे?"

"आबा, डिस्क कुठंय?" अपूर्वा विंगेत पुटपुटली.

"पाटावर! पण अगं, सगळं ओट्यावर..."

"ओट्यावर फक्त पहिला घास असतो! प्रत्येक आवाजाची नुसती सुरुवात मेमरीत ठेवलीये. बाकीचा वाजता वाजता डिस्कमधून येतो. सकाळी सांगितलं होतं ना!"

टाळीची 'टक्' पहिल्या घासातच संपत होती, म्हणून ती तेवढी चोख वाजली होती!

मी डिस्क तोंडापाशी धरून जोरात फुंकर मारली. सगळं कुंकू माझ्याच तोंडावर! लालभडक चेहऱ्याने मी विंगेतून डोकावलो आणि मला बघून लांडगाच किंचाळला.

"आमच्या मालकांचा ढोल कुनी चावला रं?" हरणाबाई पलीकडच्या विंगेतून कडाडल्या. पोरं तरीही जागची हलेनात, तेव्हा त्यांनी माळावर घालतात तशी आरोळी ठोकली, "हुर्रऽऽ! ह्याऽऽ!" मेंढरं उधळली! लांडगाही मेंढरांच्या पुढे पळाला! नाटक त्या आरोळ्यांवर आणि त्या "ढ-ढ" वर कसंबसं शेवटाला पोहोचलं.

पडदा पडला तेव्हा अपूर्वा मान खाली घालून बसली होती. मला तर बंगळुरूची गाडी दिसू लागली होती. तेवढ्यात दिग्विजयसर आत आले.

"संगीत कुणाचं?"

"माझं," ती कशीबशी म्हणाली. "सर, खरा ढोल असा नाहीये..."

"सकाळपासून सात नाटकं बघितली. प्रत्येकात संगीत एवढं, की पोरांचं एक वाक्य कळलं नाही. इथं पहिल्यांदा कळलं! पाठोपाठ ती आरोळी, ती तर झकासच. आमचं नाटक करशील?"

अपूर्वा बंगळुरूला गेली नाही. परवा त्याच सभागृहात नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. मी हौसेने विंगेत गेलो. लॅपटॉपशेजारी खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी घेऊन हरणाबाई बसल्या होत्या. अपूर्वाने त्यांना खास आरोळीसाठी बोलावलंय, अशी माझी समजूत होती.

"आरोळी न्हाई आज," त्या म्हणाल्या. "मला निस्तं तुमच्यावर ध्यान ठिवायला बशिवलंय. आवं गुर्जी, लांबनंच नमस्कार करा!"