अकरा कपॅसिटर आणि मेलेला उंदीर

“अगदी सोपं आहे! अकरा काढायचे, अकरा बसवायचे. अर्ध्या तासाचं काम!” असं त्याने आरशातल्या स्वतःला ठणकावून सांगितलं, कारण दुसऱ्या कुणी ऐकून घेतलं नसतं. घरात सगळे त्याला ‘इंजिनीअर’ म्हणत. तो विमा कचेरीत कारकून होता!

काम होतं बायकोच्या जुन्या व्हिडिओ गेमचं. लहानपणी दोन्ही भावांना रडवून तिने तो स्वतःच्या ताब्यात घेतला होता आणि माहेराहून आणल्यापासून माणसांपेक्षा जास्त जपला होता. हल्ली त्याचं चित्र थरथरायचं, आवाज गुरगुरायचा. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे पिटुकले डबे, म्हातारे होऊन पाझरत होते. “हात लावलात तर याद राखा!” असं तिने बजावलं होतं. त्याने दुरुस्त केलेला पंखा आजही फक्त शेवटच्या वेगावर फिरतो, तेव्हा तिचंही काही चुकत नव्हतं. पण एकदा, फक्त एकदा, तिने आपल्याला “वा!” म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. रविवारी दुपारी तो दार लोटून बसला.

तापलेलं सोल्डरिंग आयर्न पहिल्या कपॅसिटरला लागलं मात्र, खोलीत सडक्या मासळीचा भपकारा उठला! पाझरलेले कपॅसिटर तापले की असेच घाण मारतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“अहो, कसला वास येतोय हो?” बाहेरून बायको.

“कुठे काय?” नाक दाबून तो.

“अगं, उंदीर मेलाय कुठेतरी,” त्याच्या आईने निदान केलं.

त्याच्या जिवात जीव आला. “हो हो, उंदीरच!”

“मग आत काय बसलात? या, कपाट सरकवा!”

कपाट सरकवलं. फ्रिज सरकवला. उंदीर नाही! घामाघूम होऊन तो आत पळाला, आणखी दोन कपॅसिटर काढले, तोच पुन्हा भपकारा!

“अगं बाई, एक नाही, अख्खं खानदान मेलंय!” आई किंचाळली.

शेवटी बायकोने पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. तोवर घाईघाईत अकराही नवे बसले होते आणि उघडाच गेम खोलीतल्या टीव्हीला जोडूनही झाला होता. पेस्ट कंट्रोलवाला आला, दारातच थांबून त्याने नाक वर केलं आणि सरळ बंद खोलीत घुसला. मागोमाग बायको, तिच्यामागे आई. इंजिनीअरचं बोट नेमकं बटणावर!

“थांबा!” पेस्ट कंट्रोलवाला ओरडला. “दोन उलटे बसवलेत! फटाक्यासारखे फुटले असते! मी आधी टीव्ही दुरुस्त करायचो, साहेब. बिघडलेला टीव्ही लोक फेकून देतात, उंदीर कुठे फेकता येतात? म्हणून धंदा बदलला.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे सोल्डरिंग आयर्न गार वाटत होतं. पाच मिनिटांत त्या माणसाने दोन्ही कपॅसिटर सुलटे केले आणि बटण दाबलं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत!

“वा!” बायको म्हणाली. “वा! वा!”

इंजिनीअरचा ऊर भरून आला. त्याने लाजत हात पुढे केला. बायकोने गेमचा एक कंट्रोलर स्वतःकडे ठेवला आणि दुसरा त्याच्या डोक्यावरून पेस्ट कंट्रोलवाल्याला दिला.

“बसा ना दादा, एक डाव होऊन जाऊ दे. अहो, तुम्ही काय बघताय? फ्रिज लावा जागेवर!”