परिस्थिती दाखवण्याचा कार्यक्रम

"काही काळजी करू नका, सगळं माझ्यावर सोपवा!"

असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो, आणि तेही चारचौघांत! घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता. उभी हयात कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस मी. गावात सगळे गुरुजी म्हणतात, पण बोलायचं ते कुजबुजत, हीच सवय. तरी त्या दिवशी छाती कशी फुगली कोण जाणे!

प्रकरणच तसं होतं. शेजारच्या भागवतची सृष्टी केमिकल इंजिनिअरिंगला लागली. आमच्या कुरुंद्यातून त्या शाखेला जाणारी पहिलीच पोरगी! पण फी भरायची भागवतची ऐपत नव्हती. आखातात तेलविहिरींवर नोकरी करून निवृत्त झालेले व्यंकटराव म्हणून एक गृहस्थ केमिकल आणि पेट्रोलियमच्या गरजू मुलांना पदरच्या पैशातून शिष्यवृत्ती देतात, असं माझ्या वाचनात आलं. मी धीर करून त्यांना कळवलं. त्यांचा फोन आला, "रविवारी घरी येतो. परिस्थिती बघतो, मग ठरवतो."

ही शिष्यवृत्ती हुकली, तर सृष्टीचं इंजिनिअरिंग सुरू होण्याआधीच संपणार होतं.

मी भागवतच्या बायकोला, शकुबाईला, नीट बजावलं. "काहीही तयारी करू नका. घर आहे तसं राहू द्या."

"व्हय गुरुजी," ती म्हणाली.

त्या 'व्हय'वर मी विश्वास ठेवला!

रविवारी व्यंकटरावांना घेऊन गल्लीत शिरलो आणि मला वाटलं, आपण घर चुकलो! भागवतच्या दारात ट्रॅक्टर उभा. न्हाऊ-माखू घातलेला, वर झेंडूचा हार! आत सोफा. त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, त्यामुळे कोऱ्या सफारीतल्या व्याह्यासारखा अंग चोरून बसलेला. कोपऱ्यात फ्रिज. त्याची वायर खिडकीच्या गजाला गुंडाळलेली, कारण त्या खोलीत प्लगच नाही!

मी शकुबाईला बाजूला घेतलं. "अहो, हे काय?"

"काहून? माणूस परिस्थिती पाहायला येऊन राहिला, आन आमी उघडं घर दाखवू? गल्लीत इज्जत हाय का न्हाई आमची? समद्यांनी सामान दिलं, लेकरासाठी!"

इतक्यात सृष्टी बाहेर आली. साडी नेसवलेली, डोक्यावर पदर, हातात पोह्यांचा ट्रे! परगावची माणसं पोरीला पाहायला येतात ती एकाच कामासाठी, आणि त्याची रीत सगळ्या गल्लीला पाठ! पोरीचा चेहरा मात्र ॲसिड उकळावं तसा झाला होता.

व्यंकटराव बसले. प्लास्टिक कर्रकन वाजलं.

"शेती किती तुमची?"

"दीड एक्कर," भागवत म्हणाला.

"दीड काहून सांगून राहिला रे?" दारातून शेजारचे अमृतराव गरजले. "बारा एक्कर हळद हाय, साहेब! हिरीला पाणी बी बख्खळ!"

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर गरजू म्हणून कळवलं होतं?"

मी तोंड उघडलं. कोरड्या हातपंपातून निघतो तसा आवाज निघाला, आणि तोही बंद पडला!

सृष्टीनं ट्रे आदळला. "सर, यातलं काहीच आमचं न्हाई! फ्रिज रणजीतदादाचा, सोफा वैष्णवीवहिनीचा, ट्रॅक्टर अमृतकाकाचा!"

"माझा?" दारातल्या गर्दीतून रणजीत म्हणाला. "मला तं गार पाण्यानं सर्दी होती. मी कशाला फ्रिज घेऊ?"

"सोफा तुमचाच हाय की ओ ताई," नवी नवरी वैष्णवी लाजत म्हणाली.

"लेकरू गरीब सोभावाचं हाय, साहेब," अमृतराव म्हणाले. "श्रीमंती सांगायला लाजतं!"

सृष्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. व्यंकटराव उठले. "छान. घर खाऊनपिऊन सुखी दिसतंय. ज्यांच्या घरात बसायला पाट नाही, अशी मुलं माझ्याकडे वाट बघताहेत."

जाता जाता त्यांची नजर खिडकीच्या गजाला गुंडाळलेल्या वायरवर गेली. तिथं ती थांबली. ते परत येऊन बसले. कर्रकन!

"भागवतराव, एक विनंती होती. आमच्या मुलांच्या वसतिगृहात फ्रिज नाही. हा नेऊ का?"

भागवतनं रणजीतकडे पाहिलं, मग आढ्याकडे. इज्जतीचा सवाल! डोळे मिटून म्हणाला, "न्या की, साहेब!"

"न्या की काय, न्या की?" रणजीत किंचाळला. "त्याचे हप्ते चालू हायेत अजून!"

"मग हा सोफा तरी?"

"अगं माय! माझ्या बापानं देल्लाय तो!" वैष्णवी धावत येऊन साहेबांच्या शेजारीच बसली आणि सोफ्याचा हात गच्च धरला.

"मग ट्रॅक्टर…"

पुढचं ऐकू आलं नाही. बाहेर ट्रॅक्टर हारासकट सुरू झाला होता!

घर बघता बघता रिकामं झालं. व्यंकटराव खाली सतरंजीवर चहा घेत बसले. "ही कपबशी कुणाची?"

"तेवढी आमची हाय," शकुबाई पुटपुटली.

साहेब इतके हसले, की अर्धा चहा सदऱ्यावर! मग सृष्टीला विचारलं, "केमिकलच का गं?"

"आमी हळद शिजवतो तवा वाफेसंगं वास उडून जातो, सर. काय जातंय, ते मला धरून ठेवायचंय."

"धर," ते म्हणाले. "फी माझ्याकडे लागली."

इथं मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी अमृतराव हजर!

"गुरुजी, आमच्या विकासलाबी त्या पेट्रोलियमला घालायचं हाय. तुमी साहेबाला सांगा."

"अहो, पण तुमची परिस्थिती चांगली आहे!"

"म्हणून तं आलो! साहेब येऊन जाईस्तोवर ट्रॅक्टर तुमच्या दारात लावतो. तुमाला काय तकलीफ हाय?"

मी नाही म्हणणारच होतो. शब्द जुळवत होतो, तोवर ते लावूनही गेले. ट्रॅक्टर माझ्या खिडकीला अगदी खेटून उभा आहे. भर दुपारी दिवा लावून वाचावं लागतं.

विकास यंदा सातवीत आहे.