गोरखचं गाणं गावानं बसून ऐकलं

एखादी गोष्ट सगळ्या गावाच्या कानावर घालायची असेल, तर माझ्यासारखा माणूस आख्ख्या भोर तालुक्यात सापडायचा नाही! हे मी माझ्याच तोंडानं सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आमच्या कामथडीच्या देवळातल्या भोंग्याची किल्ली माझ्याकडे असते. रेशन आलंय, नळाला पाणी उशिरा सुटणार आहे, कुणाची म्हैस दावं तोडून हायवेकडे गेलीय, सगळं गाव माझ्याच आवाजात ऐकतं. त्यामुळे पुतण्याचं गाणं गावापुढं आणायचं काम माझ्याकडे आपसूकच आलं. म्हणजे कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं.

पुतण्या म्हणजे गोरख, माझ्या थोरल्या भावाचा, मानसिंगदादाचा एकुलता एक. पुण्याला शिकायला गेला आणि डिग्रीबरोबर एक गिटार आणि खांद्यापर्यंत केस घेऊन परत आला. तिथं चार पोरांनी मिळून बँड काढला होता. बँडचं नाव 'ओलं सरपण'!

"नाव तेवढं बरोबर ठिवलंय," दादा म्हणाला. "जाळ न्हाई, नुसता धूर!"

त्यांचं पहिलं गाणं आलं, 'लोटलेलं दार'. गोरखनं माझ्या कानात ती बोंडं घातली आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आधी बराच वेळ गिटार टिंग... टिंग... मला वाटलं मोबाईलची बॅटरी उतरली. मग गोरखचा आवाज आला, "आता कुणी हाक मारू नका, दार लोटून घ्या..." आणि मग नुसतं "हूंऽऽ हूंऽऽ"!

"काका, हे इंडी रॉक आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मागे मोठी कंपनी नाही. आपलं आपणच करायचं."

"घरगुती म्हण की!"

"हो. घरगुती."

खरं सांगतो, मला काही कळलं नव्हतं. पण पोराचे डोळे असे काही लागले होते माझ्याकडे, की मी म्हणालो, "वा! काळजाला हात घातलास!"

दादाचं काळीज मात्र हात घालायला मोकळं नव्हतं. त्यानं शिरवळच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता. सोमवारी गोरखनं केस कापून गेटवर हजर व्हायचं, विषय संपला! गोरख जेवेना. बनावहिनी, म्हणजे गोरखची आई, डोळ्याला पदर लावून पोळ्या लाटायला लागली. शेवटी मी मधे पडलो. मधे पडायची मला सवयच आहे.

"दादा, पोराला एक संधी दे की."

"देतो," दादा म्हणाला. "गावातल्या पाच मानसांनी ह्याचं गानं शेवटपतुर आयकू दे. मधी न उठता! मग म्या कंपनीचं नाव काढनार न्हाई. न्हाईतर सोमवारी गुमान डबा घ्यून जायचं."

"पाच?" मी मांडीवर थाप मारली. "दादा, आख्ख्या गावाला ऐकवतो!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भोंग्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. पहाटे काकडा, संध्याकाळी आरती. भलत्याच वेळेला भोंग्यावर काही संथ, रडवेलं लागलं, तर त्याचा अर्थ एकच, गावात कुणीतरी गेलं! आधी थोडा वेळ अभंग आणि मग नाव. नाव कळलं की बाया हातातला विळा टाकतात, दुकानांची शटरं खाली येतात, आणि सगळे मयताच्या दारात गोळा होतात. हे मला माहीत नव्हतं का? अहो, ती नावं मीच पुकारतो! पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त कला होती. दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

शनिवारी सकाळी, गाव भात काढायला शिवारात गेलेलं असताना, मी देवळाची खोली उघडली. दादा पंप दुरुस्तीला सारोळ्याला गेला होता. म्हटलं, तो येईपर्यंत गावभर गोरखच्या नावाचा डंका झालेला असेल. मोबाईल जोडला, आवाज पूर्ण वाढवला. "टिंग... टिंग... आता कुणी हाक मारू नकाऽऽ" सगळ्या शिवारात घुमलं! माझ्याच अंगावर काटा आला. मग मी गाणं जरा बारीक केलं, माइक तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि नेहमीच्या थाटात सुरू केलं, "सर्व ग्रामस्थांना कळवण्यात येते की, मानसिंगदादांचे एकुलते एक चिरंजीव, आपल्या सर्वांचा लाडका गोरख..."

आणि लाईट गेली.

पण डोळे मिटलेले असल्यावर माणसाला ते कसं कळणार? मी बोलतच होतो! "...याचं पहिलं गाणं आपण ऐकत आहात, यात वाद्यं कमी असून दुःख जास्त आहे, तरी सर्वांनी शेवटपर्यंत ऐकावं," वगैरे वगैरे. डोळे उघडले तेव्हा मशीनचा लाल दिवा विझलेला होता. म्हटलं, असू दे. महत्त्वाचं तेवढं पोचलं असणार.

पोचलं होतंच.

खोलीला कुलूप लावून मी कुमारच्या चहाच्या टपरीवर गेलो. कुमार घाईघाईनं फळकूट खाली ओढत होता.

"काय कुमार, ऐकलंस का?"

"आयकलं." त्यानं मान खाली घातली. "लई वाईट झालं, सोमनाथराव."

"वाईट?" माझं डोकंच फिरलं. "अरे, घरच्या पोराचं कौतुक करायचं सोडून..."

"तसं न्हाई हो! पोरगं गुनीच. पर ह्या वयात..."

"याच वयात करायचं असतं हे! म्हातारपणी करणार काय?"

कुमारनं माझ्याकडे असं काही बघितलं, की मी काढता पाय घेतला. याला कलेतलं काय कळणार? पुढं गेनू भेटला, खांद्यावर दोन हिरवे बांबू घेऊन. आमच्या गावात कुणी गेलं की तिरडी गेनूच बांधतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

"आण्णा," त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "गोरखची उंची किती वो?"

मला वाटलं, शर्ट शिवतोय सत्काराला! "माझ्यापेक्षा वीतभर जास्त धर," मी खुशीत सांगितलं. गेनूनं डोळे पुसले आणि चालायला लागला. मी मनात म्हटलं, बघा, एका गाण्यानं गेनूसारख्या माणसालाही पाझर फोडला!

घराच्या वळणावर आलो आणि रडणं ऐकू आलं. साधं नाही, धोंडाबाईचं! धोंडाबाई गावातली सगळ्यात म्हातारी बाई. ती रडायला बसली की परक्या गावचा माणूससुद्धा थांबून हुंदका देतो. "आरं माज्या सोन्याऽऽ, बापाच्या आदी कसा रं गेलासऽऽ!" अंगणात निम्मं गाव बसलेलं! बायांच्या अंगाला अजून भाताचं तूस. आणि मधोमध आमची बनावहिनी, पिठाच्या हातानं, चार जणींच्या मिठीत सापडलेली.

"अवो, झालंय तरी काय?" वहिनी विचारत होती.

"बया बया, तिच्या ध्यानातच न्हाई आलं अजून!" शेजारच्या चंद्राबाईनं कपाळावर हात मारला. "बना, तुजा गोरख..."

"त्यो व्हय? माळ्यावर झोपलाय. भूक लागली की उठंल."

हे ऐकल्यावर बायांनी असा हंबरडा फोडला, की आमच्या कोंबड्या शेजारच्या परसात गेल्या! "डोस्क्यावर परिनाम झाला गं बनाच्या!" एकीनं तिच्या तोंडावर तांब्यानं पाणी मारलं. दुसरीनं कांदा फोडून नाकाला लावला. वहिनी बिचारी नाका-तोंडातलं पाणी काढत "अगं, पर... अगं, पर..." करत होती आणि त्यांना ते जास्तच भयानक वाटत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माळ्याच्या शिडीवरून, पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून, केस मोकळे सोडून गोरख खाली उतरला.

"आई, कोण गेलं गं?"

अंगणात जी पळापळ झाली, ती काय सांगू! कुमार तुळशीवृंदावनावर चढला. चंद्राबाई पळताना माझ्या अंगावर पडली. एक गेनू तेवढा जागचा हलला नाही. त्यानं गोरखला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाला, "बांबू आखूड पडला असता."

मी हात जोडून दादाच्या पाच माणसांच्या अटीपासून सगळं सांगायला लागलो आणि माझं सांगणं अर्ध्यावर असतानाच दादाची मोटारसायकल अंगणात शिरली. कुणीतरी त्याला सारोळ्यात फोन करून नको ते कळवलं होतं. दादानं गाडी स्टँडला न लावताच सोडून दिली, ती धाडकन पडली. डोक्यावर टोपी नव्हती. माझा भाऊ असा कधी मी पाहिलेला नाही. त्याला समोर गोरख दिसला. तो दोन ढांगांत त्याच्यापाशी गेला, त्याच्या फाडकन मुस्काटात मारली, आणि मग त्याला छातीशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला. गोरख गाल चोळत म्हणत होता, "आबा, मी काय केलं?" पण त्याचाही आवाज फुटला होता. मलाही रडू आलं. मला मात्र कुणी विचारलं नाही.

"कुनी केलं ह्ये?" दादानं विचारलं.

सगळ्या गावानं माझ्याकडे बोट दाखवलं. एवढी एकी आमच्या गावात मी पहिल्यांदाच बघितली!

मग माझी जी पूजा झाली ती सांगत नाही. किल्ली काढून घेतली, भाताचा दिवस मोडल्याबद्दल सगळ्यांनी वाट्टेल ते ऐकवलं. शेजारणींनी तर रिवाजाप्रमाणे पिठलं-भाकरीसुद्धा आणली होती, ती आता कुठं ठेवायची हा वेगळाच प्रश्न! माणसं उठायला लागली, तशी धोंडाबाईनं काठी आपटली.

"बसा खाली! ज्याच्या पायी एवडी रडले, ते गानं तर आयकू द्या. आन मयताला आलेलं मानूस म्हाताऱ्या मानसाच्या आदी उठत न्हाई! म्या बसलीया."

सगळे गुमान खाली बसले. गोरखनं गिटार आणली. चादर तशीच अंगावर. टिंग... टिंग... "आता कुणी हाक मारू नका, दार लोटून घ्या..."

मध्यावर येईपर्यंत अंगणात दोन पक्ष पडले. चंद्राबाई हमसून हमसून रडत होती. "माजी शिवानी वेल्ह्याला दिल्यापून असंच वाटतंय, माय!" तिच्याभोवतीच्या बायांनीही पदर तोंडाला लावले. इकडे कुमार पुटपुटत होता, "पानी न्हाई त्या हिरीवर मोटार चालू ठिवल्यासारखं वाटतंय नुसतं." गेनू म्हणाला, "टाळ तरी घ्यायचा सोबतीला! पाय कसा हलनार?"

"पाय हलवायला वरात हाय का ही?" चंद्राबाई कडाडली.

"मग रडायला काय मयत हाय?"

"आत्तापतुर व्हतंच की!"

"गप बसा!" धोंडाबाई ओरडली. "त्येचं हूं हूं चाललंय!"

ते हूं हूं बराच वेळ चाललं. संपलं तेव्हा गोरख मान वर करेना. त्याला पुढं शिरवळचं गेट दिसत असणार. कारण कुमार लगेच म्हणाला, "मानसिंगदादा, ह्ये काय धरायचं न्हाई! आमी आयकलं न्हाई, आमी अडकलो व्हतो!"

"आमी आयकलं!" बाया एका सुरात म्हणाल्या. पुन्हा जुंपली. "झोप येती!" "मग झोपा की, कुनी धरलंय?" "शब्द कळत न्हाईत!" "काळीज असलं तर कळतील!" मी मधे पडणार होतो, पण दादानं नुसतं बघितलं आणि मी बसलो.

"म्या बी शेवटपतुर आयकलं," दादा हळूच म्हणाला. "कळलं काय म्हनाल, तर कायबी कळलं न्हाई. पर सारोळ्यापून हितपतुर गाडीवर मला जे व्हत व्हतं ना, ते त्येच्या त्या हूं हूं मधी व्हतं. सगळंच्या सगळं." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "सोमवारी कुटं जायचं न्हाई. वाजीव बाबा, काय वाजवायचं ते. घरात दिसत ऱ्हा, बास."

बनावहिनीनं देवाला हात जोडले. तेवढ्यात धोंडाबाई काठी टेकत गोरखपाशी आली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"लेकरा, ग्वाड गातुयास. म्या गेल्यावर भोंग्यावर ह्येच लावा."

गोरखचा चेहरा असा फुलला, की काय सांगू! पहिलंच बुकिंग!

"पर लई लांबडं हाय बग," धोंडाबाई म्हणाली. "मानसं उन्हात उभी ऱ्हायली असत्याल. आर्धंच लावा."

गोरखचा चेहरा पडला. सकाळपासून याला जिवंतपणी रडले, मापं काढली, मुस्काटात दिली, तेवढं सगळं त्यानं सोसलं. पण हे नाही!

"नाही आजी," तो ताठ होत म्हणाला. "अर्धं नाही चालणार. लावायचं तर पूर्ण."

धोंडाबाईनं त्याच्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली,

"बरं बाबा, पुरं लावा. मला तवा कुटं घाई आसनार हाय!"