फर्माईश: खंडू बिरू, घोडनदी

आमच्या घोडनदीच्या जनावरांच्या दवाखान्यात इंजेक्शन कुठलं द्यायचं हे मी ठरवत असे, पण कधी द्यायचं हे खंडूआप्पा ठरवत. जनावर अडकवायच्या खोड्यात म्हैस उभी, तिच्या मानेवर हात ठेवून आप्पा एखादं जुनं सिनेमातलं गाणं गुणगुणतायत आणि मी सिरिंज धरून मुखडा संपायची वाट बघतोय.

"थांबा साहेब, घाई न्हाई... आता म्युझिक आलं. मारा!"

दोन कडव्यांच्या मधल्या म्युझिकमध्ये दिलेलं इंजेक्शन जनावराला कळत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. पाच वर्षं पशुवैद्यक शिकलो, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वाईट एवढंच, की म्हैस खरोखरच लाथ मारायची नाही.

आप्पा दवाखान्यात परिचर होते. धनगराचं घर. भावांनी मेंढरं विकून शेती धरली, यांनी नोकरी. लग्न झालं नव्हतं. पन्नाशी उलटलेली, खाकी शर्ट आणि खिशाला तीन पेनं: निळं, काळं, हिरवं. हिरव्या पेनानं सही करायचा अधिकार दवाखान्यात फक्त मला होता आणि माझ्याकडे ते पेन नव्हतं.

त्यांच्या लेखी जगात दोनच जाती, ओरिजनल आणि डुप्लिकेट. चहा, बैल, पुढारी, सगळ्यांना एकच फूटपट्टी. मी रजेवर गेलो की बदलीवर यायचा तो डॉक्टर डुप्लिकेट. मी कोण, हे विचारायचं मी कटाक्षानं टाळलं. गाण्यात मात्र ओरिजनल एकच, दौंडची 'जंक्शन स्टार्स'.

रेल्वेतल्या पाचसहा जणांनी ऐन जवानीत काढलेला तो ऑर्केस्ट्रा. हनीफभाई फिटर, ते गायचे. अकॉर्डियनवर एक गार्ड आणि ड्रमवर लोको शेडमधला एक धिप्पाड गडी. आप्पा तेव्हा मेंढरं राखत. दौंडला नदीकाठी कळप बसवून ते हॉलच्या भिंतीबाहेर उभे राहून ऐकायचे. गाण्यांइतकंच त्यांना वेड होतं चिठ्ठ्यांचं. श्रोते चिठ्ठीवर गाणं लिहून द्यायचे आणि निवेदक माईकवरून वाचायचा, "अमुक गावचे अमुक यांची फर्माईश!"

"त्याच्यापायी लिव्हायला शिकलो, साहेब. प्रौढांच्या वर्गात बसलो. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, आन् आता चिठ्ठी लिव्हावी म्हनलं तर पार्टीच फुटली! कुनाची बदली भुसावळला, कुनाची मनमाडला."

दोन हजार साल उलटल्यावर ही मंडळी एकेक करून निवृत्त झाली, दौंडात परतली आणि त्यांना पुन्हा खुमखुमी आली. शिरूर, पाबळ, वरवंड आणि शेवट दौंड, असा दौरा ठरला. आप्पांनी चारही दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारण लिहिलं होतं, 'घरचे कार्य'.

शिरूरला खुर्च्या खूप होत्या, माणसं कमी. चिठ्ठ्या चार आल्या, त्यातली एक 'गेटसमोरची जीप काढा' अशी होती. तेव्हा हनीफभाई माईकवर म्हणाले, "आम्ही हौसेनं गातो. पण ज्या गावात कुणी फर्माईश देणार नाही, तिथूनच घरी जाऊ."

आप्पांनी हे फार मनाला लावून घेतलं. पाबळला चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. निळ्या शाईच्या, काळ्या शाईच्या, हिरव्या शाईच्या. काही उजवीकडे कललेल्या अक्षरात, काही डावीकडे. हनीफभाई खूश होऊन दोन गाणी जादा गायले.

वरवंडला मी स्वतः गेलो, कारण आप्पांची एसटी चुकली आणि त्यांचं तोंड बघवेना. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मोटरसायकलवर मागं बसून त्यांनी सगळं कबूल केलं. चिठ्ठ्या तेच लिहीत होते आणि नावं उतरवून घेत होते आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरातून.

"मग स्वतःचं नाव का नाही घालत?"

"ते दौंडला. एकच डाव." मग जरा वेळानं म्हणाले, "मी शाळंत न्हाई गेलो, म्हंजी हजेरीत कधी नाव न्हाई. लग्नाची पत्रिका न्हाई छापली. वर्गात मास्तरबी आप्पाच म्हनायचे. पुरं नाव कुनी मोठ्यांदा घेतल्यालं मी ऐकलंच न्हाई, साहेब. एकदा माईकवर यावं."

मी गिअर बदलला.

त्या दिवशी सकाळी रजा असूनही आप्पा दवाखान्यात आले होते, पण गर्दी होती, त्यामुळे त्यांनी नावं घाईत उतरवली होती. म्हणजे अख्ख्या ओळीच उतरवल्या होत्या. निवेदक होते एक निवृत्त तिकीट तपासनीस. टाय लावलेले, शहरी. त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "पुढची फर्माईश आहे न्हावऱ्याचे सोपानतात्या, तिसरं वेत, चार महिने गाभण, यांची!"

मग मंडप असा हसला की ड्रमवाल्याच्या हातातली काठी पडली. त्यात सोपानतात्या लेकीला भेटायला वरवंडात आलेले आणि नेमके पाचव्या रांगेत बसलेले! ते उठून ओरडले, "गाय हाय ती! मी न्हवं!"

झालं. हसता हसता लोकांनी कागद मागितले. कुणी म्हशीच्या नावानं फर्माईश दिली, कुणी व्याह्याच्या. मग खरोखरच्या यायला लागल्या. गोष्ट दोन दिवसांत दौंडला पोचली आणि दौंडचा हॉल दारापर्यंत भरला. मी तिथेही गेलो. का, ते विचारू नका.

आप्पा कार्यक्रमाच्या दोन तास आधी पोचले होते. इस्त्रीचा शर्ट, नवी टोपी. चिठ्ठ्यांसाठी ठेवलेल्या रिकाम्या खोक्यात सगळ्यांत पहिली चिठ्ठी त्यांनी टाकली. तिथंच घात झाला. नंतर चिठ्ठ्या पडत गेल्या, पडतच गेल्या, आणि निवेदक वरची उचलायचे. प्रत्येक चिठ्ठीला आप्पा टोपी नीट करायचे, ताठ बसायचे. दुसऱ्याच कुणाचं नाव यायचं. आप्पा टाळ्या वाजवायचे.

हनीफभाईंचा आवाज बसेपर्यंत गाणी झाली. "एवढं प्रेम घेऊन आता इथंच थांबतो," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. पडदा पडला. कुणीतरी टेबल उचललं आणि खोकं उपडं झालं. उरलेल्या चिठ्ठ्या हॉलभर पसरल्या.

आप्पा गुडघ्यावर बसून त्या वेचायला लागले. मीही वाकलो.

"लोकांची नावं हायती, साहेब. पायाखाली नगं."

वेचता वेचता त्यांची चिठ्ठी त्यांच्याच हाताला लागली. मला दिसली. हिरव्या शाईत, एकेक अक्षर घोटून लिहिलं होतं: 'खंडू बिरू, घोडनदी. गाणं कुठलंबी चालेल. नाव नीट वाचा.' त्यांनी ती इतर चिठ्ठ्यांत सरकवली आणि वेचत राहिले.

"आप्पा, हनीफभाई अजून आहेत. मी सांगतो त्यांना."

"नगं. घसा बसलाय त्यांचा."

त्यांनी गठ्ठा नीट जुळवला आणि बाहेर टेम्पोत बसायला निघालेल्या हनीफभाईंच्या हातात दिला. "ह्या ऱ्हायल्या."

हनीफभाईंनी गठ्ठा छातीशी धरला. आप्पांकडे निरखून बघत म्हणाले, "तुम्हाला चारही गावांत बघितलं मी. नाव काय तुमचं?"

आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. ओठ हलले. मग हसून म्हणाले, "चिठ्ठीत हाय."

हनीफभाईंना ती थट्टा वाटली. तेही हसले, आप्पांच्या खांद्यावर थोपटून टेम्पोत चढले आणि टेम्पो निघून गेला.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला नाव पुरं माहीत होतं आणि माझा घसाही ठणठणीत होता. तरी मी बोललो नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.